करिअर बदलून परदेशात लाँग टर्म कम्युनिटी डेव्हलपमेंटमध्ये जायचंय? मग तयारी अशी करा

आधीच सांगते, हा लेख दोन-तीन आठवड्यांच्या व्हॉलंटिअरिंग ट्रिपबद्दल नाहीये. दुसऱ्या देशात जाऊन एखाद्या भागात दोन, तीन, पाच वर्षं राहायचं, तिथल्या लोकांबरोबर पाणी, शेती, शाळा, आरोग्य, बचत गट अशा कामात पूर्णवेळ उतरायचं, आणि तेही चांगली चाललेली नोकरी सोडून, असा विचार ज्यांच्या डोक्यात पक्का होत चाललाय त्यांच्यासाठी हे आहे. यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "अर्ज कुठे करायचा?" हा असतो. तो मी मुद्दाम खाली ठेवलाय, कारण त्याच्या आधी दोन प्रश्न येतात. तुम्हाला तिथे बोलावलंय कोणी? आणि तुम्ही परत आल्यावर ते काम कोण करणार? प्रत्येक संस्था, प्रत्येक पोस्ट, प्रत्येक ऑफर या दोन प्रश्नांवर तपासून बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

हे दोन प्रश्न एवढे का लावून धरायचे

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत प्लेपंप नावाचा प्रकार आला होता. मुलं गोल चक्रावर खेळणार आणि त्या फिरण्यावर बोअरचं पाणी वरच्या टाकीत चढणार. ऐकायला फार छान, २००६ मध्ये त्याला कोट्यवधी डॉलर जाहीर झाले आणि हजारो पंप बसवायचं टार्गेट ठरलं. पण मुलं काही दिवसभर खेळत नाहीत, मग ते जड चक्र बायकांनाच हाताने फिरवावं लागायचं, बिघडलं की बाहेरचा मेकॅनिक कधी येतो याची वाट बघायची, आणि काही गावांत तर आधीचा चालू हँडपंप काढून हा बसवलेला. काही वर्षांतच ती मोहीम थांबली.

आता आफ्रिडेव्ह हँडपंप बघा. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात तो घडत गेला, आणि डिझाइनचा उद्देशच हा होता की दुरुस्ती गावातच, गावातल्याच माणसांना करता यावी. एक पाना आणि खालचा व्हॉल्व्ह वर काढायचं एक अवजार, एवढ्यावर काम होतं. वरचं झाकण उघडायचं, सळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात त्या एकेक करून वर ओढत सोडवायच्या, झिजलेलं रबरी सील काढायचं, नवं बसवायचं आणि त्याच क्रमाने सगळं परत खाली सोडायचं. गावातल्या पाणी समितीच्या बायका शिकून घेतल्यावर हे स्वतः करतात.

आणि तरीही, २००९ च्या आसपासचा अंदाज असा होता की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण तीनातला एक हँडपंप बंद पडलेला असतो. का? जवळच्या बाजारात ते सील मिळत नाही, समितीकडे पैसे साठलेले नसतात, शिकलेली बाई दुसऱ्या गावी गेली आणि तिच्यानंतर कोणी शिकलंच नाही. म्हणजे पंप चांगला असूनही त्याच्यामागची माणसांची आणि पैशांची घडी बसलेली नव्हती. तुम्ही ज्या कामाला निघालाय ते बहुतेक वेळा ही घडी बसवायला हातभार लावण्याचं काम आहे, खड्डे खणण्याचं आणि भिंती रंगवण्याचं नाही, त्याला माणसं तिथे आहेत आणि त्यांना त्या मजुरीची गरजही आहे.

आधी स्वतःकडे काय आहे ते कागदावर काढा

बरेच जण सगळं सोडून झिरोपासून सुरू करायच्या मूडमध्ये असतात. माझं मत स्पष्ट आहे, असं करू नका. तुमचा आत्तापर्यंतचा अनुभव हीच तुमची सगळ्यात मोठी किंमत आहे, कारण उत्साही माणसं भरपूर मिळतात, पण डोनरच्या, म्हणजे कामाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या, ऑडिटला तोंड देऊ शकणारा अकाउंटंट, औषधांचा स्टॉक नीट सांभाळणारा सप्लाय चेनचा माणूस, शिक्षकांना शिकवू शकणारी अनुभवी शिक्षिका मिळायला वेळ लागतो.

एक उदाहरण मला कायम आठवतं. फझल हसन आबेद हे शेल कंपनीत फायनान्स बघायचे. १९७० चं चक्रीवादळ आणि १९७१ चं युद्ध यानंतर त्यांनी आपला लंडनमधला फ्लॅट विकला आणि १९७२ मध्ये बांगलादेशच्या ईशान्येकडच्या सुल्ला भागात काम सुरू केलं, त्यातूनच पुढे ब्रॅक ही मोठी विकास संस्था उभी राहिली. त्यांनी फायनान्सवाल्याची शिस्त टाकून दिली नाही, कामात आणली. १९८० च्या दशकात ब्रॅकच्या बायका घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी बनवायला शिकवत होत्या, तीन बोटांच्या चिमटीएवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आणि शिकवणारीला पैसे किती मिळणार हे कशावर ठरायचं? काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन तपासायचा की त्या आईला किती लक्षात राहिलंय, त्यावर. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरांत हे पोचलं. शिकवणारी निघून गेली तरी ती माहिती त्या घरात राहिली, मुद्दा हाच.

तर तुमची यादी करा. सिव्हिल इंजिनिअर असाल तर पाणी आणि सॅनिटेशन, नर्स असाल तर आरोग्य कार्यकर्त्यांचं ट्रेनिंग, आयटीवाले असाल तर डेटा आणि माहिती यंत्रणा, बँकेतले असाल तर बचत गट आणि छोटी कर्जं, एचआरवाले असाल तर स्थानिक संस्थांची बांधणी. सेल्स किंवा मार्केटिंगवाल्यांना वाटतं आपलं काही नाही, पण शेतकरी गटांचा माल बाजारात नेणारे प्रोजेक्ट त्यांच्यासाठीच असतात.

आणि एक नियम पाळा. देश, क्षेत्र आणि रोल या तीन गोष्टी एकाच उडीत बदलू नका. आधी क्षेत्र बदला, म्हणजे आहात त्याच देशात, त्याच स्किलवर एखाद्या सामाजिक संस्थेत जा, वर्ष-दोन वर्षं काढा आणि मग देश बदला. लांबचा रस्ता वाटतो खरा, पण भरती करणाऱ्यासमोर तुमचा सीव्ही जातो तेव्हा ही दोन वर्षं फार बोलतात, आणि हे काम आपल्याला खरंच आवडतं का तेही घर न मोडता कळतं.

सध्या मार्केट कसं आहे, खरं खरं

कठीण आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, नंतर ही मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी संस्थेचे बहुतेक कार्यक्रम रद्द झाले आणि जुलैपासून ती संस्था स्वतंत्र अशी उरली नाही. ब्रिटननेही मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं जाहीर केलं. याचा अर्थ तुमच्यासाठी असा की दहा-पंधरा वर्षं फील्डवर काढलेली अनुभवी माणसं आत्ता त्याच जाहिरातींवर अर्ज करतायत ज्यावर तुम्ही करणार आहात. शिवाय संस्था आता स्थानिक माणसांनाच जबाबदारी द्यायला लागल्यात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे नोकरी सोडून मग शोधू असं अजिबात करू नका, राजीनामा करार हातात आल्यावरच. तयारीला दीड-दोन वर्षं धरा.

नोकरीत असतानाच करायची तयारी

भाषा. हिला मी सगळ्यात वर ठेवते, डिग्रीच्याही वर. सेनेगल, बुर्किना फासो, नायजर, काँगो इकडे फ्रेंच नसेल तर बहुतेक पोस्टना तुमचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. मोझांबिकला पोर्तुगीज, ग्वाटेमालाला स्पॅनिश. टांझानिया-केनियासाठी स्वाहिली, आणि तिला किती वेळ लागतो याचा एक अंदाज म्हणजे अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या लोकांना स्वाहिली शिकवायला साधारण ३६ आठवडे, ९०० तास धरतं. रोज एक तास केलात तर अडीच वर्षं होतात! त्यामुळे देश ठरायच्या आधी निदान भाषेचा पट्टा ठरवा आणि आजच सुरू करा. ऑफिसची भाषा आणि गावातली भाषा वेगळी असते हेही लक्षात ठेवा, ग्वाटेमालात ऑफिसमध्ये स्पॅनिश चालेल पण डोंगरातल्या गावात कीचे ही तिथली माया भाषा बोलणारी आजी तुमच्याशी स्पॅनिशमध्ये बोलेलच असं नाही.

या क्षेत्राची कागदी भाषाही शिकून घ्या. लॉगफ्रेम (प्रोजेक्टची उद्दिष्टं, कामं आणि मोजमाप यांचा एका पानावरचा तक्ता), थिअरी ऑफ चेंज (कुठल्या कामातून कुठला बदल कसा होणार याची मांडणी), बेसलाइन (काम सुरू व्हायच्या आधीची स्थिती), इंडिकेटर (बदल मोजायची खूण), हे शब्द प्रत्येक इंटरव्ह्यूत येणार. कोबो टूलबॉक्स या फील्डवर माहिती गोळा करायच्या टूलवर एखादा सर्व्हे फॉर्म स्वतः बनवून बघा, अकाउंट फुकट मिळतं. काया या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर बरेच कोर्स फ्री आहेत. मदतकार्याचे किमान निकष सांगणारं स्फिअर हँडबुक पण फ्री आहे, मुख्यतः आपत्कालीन कामासाठी असलं तरी एका माणसाला दिवसाला किमान १५ लिटर पाणी असे आकडे कुठून येतात हे त्यातून समजतं.

मास्टर्स करावं का? यूएनच्या कायम स्वरूपाच्या पोस्टना साधारण लागतंच, किंवा त्याऐवजी जास्तीची वर्षं अनुभव. पण निव्वळ डिग्री आहे आणि फील्ड काहीच नाही अशा माणसापेक्षा डिग्री नाही पण आठवड्याचे दोन दिवस वस्तीत काम केलंय असा माणूस मला जास्त तयार वाटतो. म्हणून कर्ज काढून लगेच अॅडमिशन घेऊ नका. आधी राहता तिथेच स्थलांतरित मजुरांबरोबर, निर्वासितांबरोबर, एखाद्या वस्तीतल्या गटाबरोबर नियमित जा. एखादी मीटिंग तुम्हाला न बोलता पूर्ण ऐकता येते का, हे तिथे कळेल.

रस्ते कुठले कुठले

यूएन व्हॉलंटिअर्स, म्हणजे यूएनव्ही. १९७० मध्ये सुरू झालेला कार्यक्रम, मुख्यालय जर्मनीत बॉनला. व्हॉलंटिअर म्हटलं तरी राहण्या-खाण्याचा भत्ता आणि विमा मिळतो. करिअर बदलणाऱ्यांसाठी हा माझ्या मते सगळ्यात सरळ दरवाजा, कारण स्पेशालिस्ट गटाला वय २७ च्या पुढे आणि किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, एक्स्पर्ट गटाला ३५ च्या पुढे आणि १५ वर्षांचा. म्हणजे चाळिशीतल्या माणसाला "उशीर झाला" म्हणायचं कारणच नाही. प्रोफाइल भरताना फाटे फोडू नका, एका विषयात तुम्ही पक्के आहात हे दिसू द्या.

व्हीएसओ ही ब्रिटनमधून १९५८ ला सुरू झालेली संस्था, अनुभवी प्रोफेशनल माणसं स्थानिक संस्थेबरोबर बसवायची त्यांची जुनी पद्धत आहे, आता त्यांचे बरेचसे स्वयंसेवक त्या त्या देशातलेच असतात. पीस कोअर हा अमेरिकन सरकारचा स्वयंसेवक कार्यक्रम फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे, पण त्याची रचना बघण्यासारखी आहे, २७ महिने, त्यातले पहिले साधारण तीन महिने ट्रेनिंग आणि स्थानिक कुटुंबात राहणं. स्वतः कुठल्याही मार्गाने जात असाल तरी हा सुरुवातीचा काळ मागून घ्या. ब्रॅकसारख्या संस्था युगांडा, टांझानिया वगैरे देशांत काम करतात. जाहिराती बघायला रिलीफवेब आणि डेव्हेक्स या वेबसाइट, रोज नाही पण आठवड्यातून एकदा ठरवून बघा आणि सुरुवातीला अर्ज न करता फक्त वाचा, आपल्या विषयाच्या जाहिरातींत कुठली अट परत परत येते ते लिहून काढा, तीच तुमच्या तयारीची यादी.

दोन ठिकाणांपासून लांब राहा. एक, नोकरीसाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारे; यूएन भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाही, त्या नावाने कोणी मागत असेल तर ती फसवणूकच. दुसरं, अनाथाश्रमात परदेशी स्वयंसेवक नेणारे कार्यक्रम. कंबोडियात अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं समोर आलं, पाहुणे आणि देणग्या यायला लागल्या की मुलं घरातून उचलून संस्थेत भरण्यात काही लोकांना फायदा दिसायला लागतो. मुलांशी प्रेमाने वागणारी माणसंच याला नकळत हातभार लावतात, म्हणून हे मनावर घ्या.

ऑफर आली की काय विचारायचं

इंटरव्ह्यू दोन्ही बाजूंनी असतो. बिनधास्त विचारा:

- ही पोस्ट कोणी मागितली, स्थानिक संस्थेने की हेड ऑफिसने?
- माझ्याबरोबर काम करणारा स्थानिक सहकारी कोण, तो आत्ता नोकरीवर आहे का, त्याच्याशी बोलता येईल का?
- माझ्या आधी कोण होतं, ते का गेलं?
- फंडिंग कधीपर्यंत आहे, संपलं तर माझा आणि स्थानिक स्टाफचा करार काय होतो?
- भाषा शिकायला पहिल्या काही आठवड्यांत वेळ मिळणार का?
- आजारी पडलो तर बाहेर कुठल्या शहरात हलवणार आणि खर्च कोण करणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तो नंतर नेमू" असं आलं तर मी तरी ती ऑफर घेणार नाही. ज्याच्याकडे काम सोपवायचं तो माणूसच नसेल तर तीन वर्षं तुम्ही स्वतःच सगळं करत बसता आणि जाताना चावी कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्न उरतो.

बॅकग्राउंड चेक कडक असतो, त्याचा राग धरू नका. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत काही मदत कर्मचाऱ्यांनी केलेलं लैंगिक शोषण २०१८ मध्ये जगासमोर आलं, आणि त्यातली काही माणसं पुढे दुसऱ्या संस्थांत नोकरीला लागली होती. म्हणून आता अनेक संस्था जुन्या मालकांकडून मागच्या पाच वर्षांतली गैरवर्तनाची माहिती मागवतात. पोलीस सर्टिफिकेट, रेफरन्स वगैरे आधीच जमवून ठेवा.

पैसा, कागद, तब्येत, घरचे

इथे पटापट सांगते. परत आल्यावर नवं काम मिळेपर्यंतचे किमान सहा महिन्यांचे पैसे वेगळे ठेवा आणि त्याला हात लावू नका. होम लोन चालू असेल तर आधी त्याचा हिशोब, मग स्वप्न. टॅक्स रेसिडन्सी (टॅक्ससाठी तुम्ही कुठल्या देशाचे रहिवासी धरले जाता) आणि पेन्शनचं काय होतं हे जायच्या आधी जाणकाराकडून लेखी घ्या. टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करू नका, कितीही कोणी "इथे सगळे करतात" म्हटलं तरी. डॉक्टर, नर्स, इंजिनिअर यांनी तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं का बघा, त्याला महिने जातात.

पिवळ्या तापाची लस लागणाऱ्या देशात जात असाल तर तिचं सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या गोळ्या कुठल्या घ्यायच्या हे ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये ठरवा, मेफ्लोक्वीनसारख्या गोळीने काहींना मानसिक त्रास होतो, तसा आधीचा इतिहास असेल तर डॉक्टरला स्पष्ट सांगा.

जोडीदार आणि मुलं बरोबर असतील तर यूएनच्या पोस्टमध्ये ड्युटी स्टेशनचा, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणाचा, वर्ग बघा, ए ते ई अशी खडतरपणाची चढती वर्गवारी असते आणि काही ठिकाणी कुटुंब नेताच येत नाही. जोडीदाराला तिथे कामाचं परमिट मिळेल का, हा प्रश्न लोक विसरतात आणि वर्षाच्या आत परत येतात.

पोचल्यावर पहिले सहा महिने

काही सुरू करू नका, हे मी फार मनापासून सांगते. हात शिवशिवतात, हेड ऑफिसला रिपोर्ट हवा असतो, पण आधी बघा. मीटिंगमध्ये पुढे कोण बसतं, मागे कोण, बायका गप्प असतात तेव्हा त्या पाणवठ्यावर काय बोलतात.

एक साधं काम करा, स्थानिक सहकाऱ्याला पुढे घालून गावात सीझनल कॅलेंडर मांडायला सांगा. जमिनीवर बारा घरं आखायची आणि दाणे किंवा खडे ठेवत जायचं, पाऊस कधी, शेतीचं काम कधी जास्त, आजारपण कधी, उधारी कधी, घरात धान्य कधी संपतं. मलावीत साधारण डिसेंबर ते मार्च हा उपासमारीचा काळ, नवं पीक एप्रिलच्या सुमाराला येतं. हे एकदा डोळ्यासमोर मांडलं गेलं की तुम्हाला कळतं की जानेवारीत बचत गटाचे पैसे गोळा करायचा प्लॅन केला तर तो का फसणार, किंवा ट्रेनिंगला बायका का येत नाहीत, कारण त्या तेव्हा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेलेल्या असतात. आणि खडे बायकांच्या गटाने आणि पुरुषांच्या गटाने वेगवेगळे मांडू द्या, दोन कॅलेंडर सारखी येत नाहीत, आणि फरक जिथे पडतो तिथेच पुढच्या कामाची सुरुवात सापडते.

पैशाच्या मागण्या येतील, शाळेची फी, औषध, अंत्यविधी. वैयक्तिक मदत कशी करायची याचा नियम पहिल्याच महिन्यात सहकाऱ्याबरोबर बसून ठरवा आणि सगळ्यांना तोच लावा. सातव्या-आठव्या महिन्यात एकटेपणा जोरात येतो, त्यासाठी सुट्टी आधीच बुक करून ठेवा, घरच्यांशी बोलायचा वार ठरवा आणि ऑफिसबाहेरचे दोन-तीन मित्र जोडा.

जायच्या तारखेपासून मागे मोजा

तीन वर्षांचा करार असेल तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डोनरबरोबरच्या मीटिंगला सहकाऱ्याने बोलायचं आणि तुम्ही शेजारी बसायचं. बँकेतली सही, सप्लायरचे फोन, सरकारी ऑफिसातली ओळख, हे सगळं तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत त्याच्या नावावर गेलेलं पाहिजे. मग एक महिना मुद्दाम सुट्टीवर जा आणि फोन उचलू नका. परत आल्यावर जे अडलेलं दिसेल ती तुमच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या कामाची यादी. त्याच काळात तुमचं स्वतःचं प्रोफेशनल रजिस्ट्रेशन रिन्यू करा, तिथल्या सुपरवायझरकडून सही-शिक्क्याचं अनुभवपत्र घ्या आणि पुढच्या नोकरीचे अर्ज सुरू करा, कारण तिथून उत्तरं यायला वेळ लागतो.